क्रिएटिनिन नॉर्मल, तरी लघवीत प्रोटीन : शुगरवाल्यांनो, ही तपासणी केली आहे का?

वर्तकनगरी | ११ जून, रात्री १०.२०

मंडळी, एरवी मी इथे पाककृती वाचतो आणि गुपचूप निघून जातो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ५४. शुगर निघून ११ वर्षं झाली. महापेला नोकरी, सकाळी कंपनीच्या बसने ऐरोलीमार्गे जायचं, रात्री आठला घरी. गोळ्या वेळेवर घेतो, तीन महिन्यांची साखर ७.४ च्या आसपास, चहा बिनसाखरेचा. थोडक्यात, मी स्वतःला गुणी पेशंट समजत होतो.

दरवर्षी ऑफिसतर्फे तपासणी होते. रक्त काढतात, वर केळं आणि सँडविच देतात, आठवड्याने सत्तरेक आकड्यांचं पुस्तक येतं. त्यात ड जीवनसत्त्व, बी१२, थायरॉइड, लोह, सगळं. किडनीच्या पानावर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) १.१, शेजारी हिरवा ठिपका. साध्या लघवी तपासणीत ‘प्रोटीन : निल’. ११ वर्षं तो हिरवा ठिपका बघून मी पान उलटत आलो.

गेल्या महिन्यात आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, त्यांच्या जागी नौपाड्यातल्या दवाखान्यात त्यांची मुलगी बसली होती. फाइल चाळली आणि म्हणाली, “काका, एसीआर कधी केली होती?” मला आधी वाटलं एसीबद्दल काही विचारतेय. मग तिने चिठ्ठीवर लिहून दिलं : लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ४५० रुपये पडले. रिपोर्ट आला २१२. नॉर्मल ३० च्या आत.

मला राग कशाचा आला सांगू? ११ वर्षांत माझं ड जीवनसत्त्व सात वेळा मोजलं गेलं. ही एक तपासणी एकदाही नाही. पॅकेज बनवणाऱ्यांना विचारलं तर “सर, तो वेगळा ॲड-ऑन आहे.”

प्रश्न : आता काय? क्रिएटिनिन नॉर्मल असताना किडनी खराब कशी असेल? कुणाला अनुभव?

भिंगरी | ११ जून, रात्री १०.४१

काळजी घ्या काका. बाकी सत्तर तपासण्यांत किडनीची खरी तपासणी नाही म्हणजे लग्नाच्या पंगतीत सगळं आहे, वरणभातच नाही.

परीक्षानळी | ११ जून, रात्री ११.०५

लॅबमध्ये काम करते, म्हणून लिहिते. निदान करणं माझं काम नाही, पण नमुना कसा द्यायचा ते सांगू शकते. निम्मा घोळ तिथेच होतो.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. सुरुवातीची थोडी सोडून द्यायची, मधली धार बाटलीत. उपाशी राहायची गरज नाही, तरी रोज चार जण चहा न पिता चिडचिड करत येतात. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, बायकांची पाळी चालू असेल, किंवा आदल्या दिवशी दणकून व्यायाम झाला असेल तर थांबा, आकडा खोटा चढतो. साखर खूप वाढलेली असतानाही चढतो.

आणि चिठ्ठीवर ‘प्रमाण’ असं लिहिलंय का ते बघा. नुसतं मायक्रोअल्ब्युमिन केलं तर तुम्ही दोन तांबे पाणी पिऊन आलात की आकडा उतरतो आणि पाणी कमी प्यायलात की चढतो. क्रिएटिनिनने भागल्यावर तो पातळ-घट्टचा फरक निघून जातो. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० मध्ये थोडं प्रोटीन गळतंय, ३०० च्या वर जास्त. हे मिलिग्रॅम दर ग्रॅमला. काही रिपोर्टात एकक वेगळं असतं, तिथे ३ म्हणजेच आपले ३०. उगाच खुश होऊ नका.

साध्या तपासणीत ‘निल’ कसं, तर ती पट्टी बुडवून रंग बघायची पद्धत. थोडी गळती तिला दिसतच नाही.

ओपीडीनंतर | १२ जून, रात्री १२.१५

वर्तकनगरी काका, घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर खरं धरतात. तुमचा २१२ आहे, म्हणून मी असतो तर दुसरा नमुना दोन आठवड्यांतच घेतला असता.

आता क्रिएटिनिनबद्दल. हा आकडा फार उशिरा बोलतो. किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत तो मर्यादेत राहू शकतो. शिवाय तो स्नायूंतून येतो, म्हणून माणसागणिक त्याचा अर्थ बदलतो. १.१ हाच आकडा घ्या. ३० वर्षांच्या तरण्या पुरुषाला १.१ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची गती, साधारण ९३ येते. ६८ वर्षांच्या आजींना तोच १.१ असेल तर ५५ येते. ६० च्या खाली तीन महिने राहिलं की त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. दोघांच्याही रिपोर्टवर ठिपका मात्र बहुधा हिरवाच. तुमचं वय धरून तुमची साधारण ८० निघते, ती चांगली आहे. म्हणजे गळती सुरू झाली आहे, गाळण्याची गती अजून शाबूत आहे. काही करायचं असेल तर हीच वेळ.

टाइप टू मध्ये निदान झालं त्या दिवशीच एसीआर आणि ईजीएफआर करायची आणि पुढे दरवर्षी. त्या दिवशीच अशासाठी की शुगर निघते तेव्हा ती आधीच काही वर्षं आत मुक्कामाला असते. टाइप वनमध्ये पाच वर्षांनी सुरू केलं तरी चालतं.

एक विचारतो, डोळ्याचा पडदा तपासलात का? बाहुली मोठी करायचे थेंब घालून? किडनी आणि पडदा दोन्हीकडे बारीक रक्तवाहिन्यांचाच मामला असतो. पडदा अगदी स्वच्छ आणि लघवीत प्रोटीन भरपूर असं असेल तर शुगरशिवाय दुसरं काही कारण आहे का तेही बघावं लागतं.

पळपुटा | १२ जून, सकाळी ७.३०

परीक्षानळीताई, व्यायामाच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. गेल्या वर्षी वर्षा मॅरेथॉन पळलो आणि दुसऱ्याच दिवशी बरोबर ही तपासणी केली. ६४ आला. बायकोने पळण्यावर बंदी घातली. दोन आठवड्यांनी परत केली तर १२. बंदी उठली, पण टोमणे चालू आहेत.

तीनहात | १२ जून, सकाळी ९.१२

वाचनखूण साठवली.

लोकल_बाई | १२ जून, सकाळी १०.०२

फेसाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या ह्यांना लघवीला फेस येत होता, साबणासारखा, फ्लश केल्यावरही कडेला राहायचा. मी म्हणायची कमोड धुवायचं लिक्विड नीट वाहून गेलं नसेल. सहा महिने मी त्या लिक्विडला शिव्या घातल्या. मग पाय सुजायला लागले, मोज्याचा वळ संध्याकाळी इतका खोल की त्यात बोट बसायचं.

वर्तकनगरी | १२ जून, दुपारी १.४०

सगळ्यांचे आभार. फेस नाही, सूज नाही, काहीच नाही. तेच खटकतंय.

@ओपीडीनंतर, डोळे ३ वर्षांपूर्वी दाखवले होते, चष्म्यासाठी. थेंब घातले नव्हते. दाखवतो.

वाडीतला | १२ जून, दुपारी ३.१८

ॲलोपॅथीवाले आधी घाबरवतात आणि मग जन्मभर गोळ्या देतात. माझ्या मामेसासऱ्यांचं क्रिएटिनिन ३ होतं, एका वैद्यांच्या पुड्यांनी दोन महिन्यांत १.८ वर आलं. पुनर्नवा, गोखरू, वरुण यांचा काढा घ्या. पाणी रोज पाच लिटर. किडनी धुऊन निघते.

गोळीबार | १२ जून, दुपारी ४.०५

केमिस्ट आहे, कळव्याला दुकान आहे. वाडीतला भाऊ, राग मानू नका. पुडीत काय आहे ते वैद्यांनी लिहून दिलंय का? माझ्याकडे अशा पुड्या घेऊन लोक येतात, वर ना नाव ना तारीख. भस्मांत पारा, शिसं, सोमल (आर्सेनिक) असू शकतं, आणि बरोबर शोधन, म्हणजे शुद्धीकरण, झालंय का हे आपण घरी बसून सांगू शकत नाही. जड धातू किडनीतूनच बाहेर जायला बघतात. ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या वनस्पतींनी तर किडन्या कायमच्या गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. काढा घ्यायचाच असेल तर निदान डिग्रीवाल्या वैद्याकडून, आणि किडनीच्या डॉक्टरांना सांगून.

आता आमच्याच बाजूचं पाप सांगतो. ठाण्यात जेवढ्या किडन्या पुड्यांनी बिघडत असतील त्याहून जास्त माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून बिघडत असाव्यात असा माझा अंदाज आहे. रोज संध्याकाळी एक तरी मावशी येतात. “ती गुडघ्याची गोळी दे रे, मागच्या वेळची.” ती असते डायक्लोफेनॅक नाहीतर ॲसिक्लोफेनॅक. मावशींना शुगर, बीपीची गोळी चालू, त्यात पाणी काढायची गोळीही. बीपीची, लघवीची आणि दुखण्याची, या तिघी एकत्र आल्या की किडनीची वाट लागायला एक जुलाबाची साथ पुरते. आता मी विचारतो, “मावशी, शुगर आहे का?” असेल तर साधी पॅरासिटामॉल देतो. निम्म्या मावशी चिडून शेजारच्या दुकानात जातात, तिथे मिळते.

ओपीडीनंतर | १२ जून, रात्री ११.५०

गोळीबार यांना साष्टांग.

पाच लिटर पाण्याबद्दल. किडनी म्हणजे मोरी नव्हे, बादलीभर पाणी ओतलं की स्वच्छ झाली असं होत नाही. मुतखडा असेल तर भरपूर पाण्याचा उपयोग आहे. शुगरच्या किडनीला तहानेप्रमाणे पुरतं. हृदय कमजोर असेल किंवा किडनी बरीच गेली असेल तर पाच लिटर थेट फुप्फुसात साठेल.

काकांचा प्रश्न होता की आत होतं काय. रात्रीची ओपीडी संपवून ट्रेनने येतो, म्हणून ठाणे स्टेशनचाच दाखला सुचतो. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे संध्याकाळी सातचा पूल समजा. वर चढायचा जिना रुंद, उतरायचा अरुंद. साखर वाढलेली असते तेव्हा आत येणारी वाट आणखी पसरते आणि पुलावर चेंगराचेंगरी होते. सुरुवातीला गाळण्याची गती उलट जास्त दिसते, म्हणून रिपोर्ट छान वाटतो. पण त्या दाबाने पुलाचे कठडे सैल होतात आणि जे आत राहायला हवं ते अल्ब्युमिन खाली पडायला लागतं. तीच एसीआर.

टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या उतरायचा जिना रुंद करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या चढायच्या जिन्यावर माणसं अडवतात. म्हणजे पहिल्या गटाची ‘बीपीची गोळी’ आणि दुसऱ्याची ‘शुगरची गोळी’ ही ओळख इथे अपुरी पडते. लघवीत प्रोटीन आणि त्यात बीपीही असेल तर पहिल्या गटातली एक द्यायचीच. दोन गटांतली एकेक चालते, पण टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल दोन्ही एकदम नाही. बीपी शक्यतो १३०/८० च्या आत.

डापावर २०२० साली डापा-सीकेडी नावाची मोठी चाचणी झाली, ४,३०० च्या वर रुग्ण होते, आणि गंमत म्हणजे त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना शुगर नव्हतीच. त्यांनाही फायदा झाला. त्याच वर्षी भारतात डापाचं मूळ पेटंट संपलं, एम्पाचं मार्च २०२५ मध्ये. त्यामुळे पूर्वी मी लिहायला बिचकायचो ती गोळी आता बहुतेकांना परवडते. पुढच्या पायरीला फिनेरेनोन ही गोळी आहे, सेमाग्लुटाइड या शुगरच्या इंजेक्शनचाही किडनीला फायदा २०२४ च्या फ्लो चाचणीत दिसला. पण ते सगळ्यांना लगेच लागत नाही.

दिवागाव | १३ जून, पहाटे ५.१०

रात्रभर झोप नव्हती म्हणून हा धागा पूर्ण वाचला. ऐरोलीला राहते. आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. जाण्यायेण्यासकट दिवस जातो.

आमचं कुठे चुकलं ते लिहिते.

आईला २० वर्षांची शुगर, इन्सुलिनवर होती. चार वर्षांपूर्वी तिची साखर एकदम सुधारायला लागली. इन्सुलिन ३२ युनिटवरून २४, मग १६. पहाटे घाम फुटायचा, साखर ६० च्या खाली जायची, मग अजून कमी केलं. आम्हाला वाटलं तिच्या फिरण्याचा आणि मेथीच्या पाण्याचा गुण आला. मावशीने पेढे वाटले. खरंच, पेढे वाटले.

नंतर किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, इन्सुलिन शरीरातून बाहेर टाकायचं बरंच काम किडनी करते. किडनी थकली की तेच इन्सुलिन आत जास्त वेळ राहतं. साखर सुधारली नव्हती, किडनी गेली होती. तोपर्यंत हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं, त्यामुळे तीन महिन्यांचा आकडाही कमीच दाखवत होता.

काही न करता साखर अचानक कमी राहायला लागली तर पेढे वाटू नका, क्रिएटिनिन करा.

लोकल_बाई | १३ जून, सकाळी ८.४४

दिवागाव, काय बोलू. ह्यांचंही ग्लायबेनक्लामाइड, शुगरची गोळी, असंच बंद करावं लागलं होतं, साखर एवढी खाली गेली की ट्रेनमध्ये चक्कर. तेव्हा कुणी हे कारण सांगितलं नव्हतं.

हाताला फिस्ट्युला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात तो, केलाय का आईंच्या?

दिवागाव | १३ जून, सकाळी ९.३०

हो ताई, डाव्या हाताला. मनगटाच्या वर हात ठेवला की भुरभुर लागते, मांजर घुरघुरावं तशी. रोज सकाळी उठल्यावर मी आधी ते तपासते, मग चहा टाकते. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, पिशवी अडकवायची नाही, घट्ट बांगडीही नाही. आधी माहीत असतं तर दरवेळी ॲडमिट झाल्यावर त्याच हाताला सलाइन लावू दिलं नसतं, शिरा वाचवल्या असत्या.

आणखी एक. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. “किडनीला चांगलं असतं.” तिला पोटॅशियम चालत नाही. मी हसून घेते आणि वॉचमनला देते. वॉचमनची तब्येत उत्तम आहे.

सुगरणनाही | १३ जून, दुपारी १२.२०

दिवागाव, तुला घट्ट मिठी. आईंना लवकर बरं वाटू दे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर. मिठाबद्दल सगळ्यांचं म्हणणं असतं, “आम्ही वरून मीठ घेत नाही.” वरून नाही हो, आतून घेतो आपण. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आमच्या घरात मी एक महिना बरणीचा हिशोब ठेवला. चार माणसं, आणि किलोची पिशवी २६ दिवसांत संपली. भागाकार केला तर माणशी साडेनऊ ग्रॅमच्या वर. यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड, सॉस धरलेलंच नाही. आणि सुके बोंबील तर नाहीच नाही.

भाजीत कमी केलं तर पहिला आठवडा नवरा उपाशी असल्यासारखं तोंड करून बसला. मग कोकम, लिंबू, भाजलेलं जिरं, लसूण यावर निभावलं. तिसऱ्या आठवड्यात बाहेरची मिसळ त्याला खारट लागली. ठाण्यात राहून मिसळ खारट लागणं म्हणजे धर्मांतरच.

सैंधवात सोडियम नसतं असं समजणाऱ्यांसाठी, असतं, जवळजवळ तेवढंच.

गोळीबार | १३ जून, दुपारी १२.५८

ताई, त्यात एक जोडा. ‘लो सोडियम’ लिहिलेलं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटॅशियम चढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर.

भिंगरी | १३ जून, दुपारी २.१५

प्रोटीन गळतंय म्हणजे प्रोटीन जास्त खायचं ना? माझा भाऊ जिममध्ये दोन-दोन डबे पावडर खातो, त्यालाही प्री-डायबेटिस आहे.

ओपीडीनंतर | १३ जून, रात्री ११.३०

उलट. गाळण्यांवरचा भार वाढतो. किडनीचा आजार आणि शुगर असेल, डायलिसिस नसेल, तर दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरे, ६५ किलोच्या माणसाला ५२ ग्रॅम. आपलं रोजचं वरण, दही, उसळ, अंडं यातून ते होतं. कमीही करू नका, उपासमारीने स्नायू जातात. डायलिसिसवर गणित उलटतं, तिथे जास्त लागतं, म्हणून दिवागाव यांच्या आईंचा तक्ता वाचून कुणी आपला तक्ता बनवू नये. भावाला पावडर बंद करून आधी एसीआर करायला सांगा.

वाडीतला | १४ जून, सकाळी ८.०५

मामेसासऱ्यांना फोन केला. पुड्या सहा महिन्यांपूर्वीच बंद केल्या म्हणे, परत ३.४ झालं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आधीचं विधान मागे घेतो. पुनर्नव्याची भाजी मात्र चविष्ट लागते, एवढं राहू द्या.

तीनहात | १४ जून, सकाळी ८.२०

मोठ्या मनाचा माणूस.

पारसिक | १४ जून, सकाळी १०.४०

करमळाबद्दल लिहितो, आपल्याकडे स्टेशनबाहेर आदिवासी बायका विकतात ते, काप केला की चांदणी दिसते. मीठ-तिखट लावून आम्ही लहानपणी येऊरहून येताना पोट भरून खायचो. किडनी खराब झालेल्यांना ते विष आहे. त्यातला एक घटक किडनीवाटे बाहेर पडला नाही की मेंदूवर जातो. उचकी थांबत नाही, माणूस बरळायला लागतो, फिट येते. आमच्या सोसायटीतल्या आजोबांना उचकी लागली, सगळे पाणी पाज, साखर दे करत बसले. हॉस्पिटलमध्ये एका निवासी डॉक्टरने नेमका प्रश्न विचारला, “काल काय फळ खाल्लं?” डायलिसिस करून वाचले.

भिंगरी | १४ जून, सकाळी ११.००

बापरे. हे पहिल्यांदा ऐकलं. कालच एक वाटा घेतलाय.

पारसिक | १४ जून, सकाळी ११.०३

किडनी ठणठणीत असेल तर एखादं खायला हरकत नाही ताई. भावाला देऊ नका एवढंच.

वर्तकनगरी | १४ जुलै, रात्री ९.५५

एक महिन्याने येतोय. दुसरा नमुना दिला, १८८. म्हणजे खरंच आहे. पडद्यावर सुरुवातीचे ठिपके निघाले. दवाखान्यात बीपी १४४/८८ होतं, ते मी दरवेळी “घाईत जिना चढून आलो” म्हणून उडवून लावायचो.

टेल्मिसार्टन ४० आणि डापाग्लिफ्लोझिन १० सुरू केलं, मेटफॉर्मिन आहे तेच. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायला सांगितलं होतं. क्रिएटिनिन १.१ वरून १.२५! ईजीएफआर ८० वरून ६८. मी गोळ्या बंद करून इथे शिव्या घालायला येणार होतो. शेजारी म्हणाला मेटफॉर्मिननेच किडनी जाते, ते आधी बंद कर. बरं झालं आधी फोन केला.

ओपीडीनंतर | १४ जुलै, रात्री ११.४०

बरं झालं केलात. पुलावरचा दाब उतरला की गती सुरुवातीला थोडी खाली येते, ते अपेक्षित असतं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी सहसा गोळी चालू ठेवतात. तुमचं १४ टक्के आहे. त्याच्यावर गेलं किंवा पोटॅशियम चढलं तर बघायचं.

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी खराब झाल्यावर ते साठतं, म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली डोस कमी आणि ३० च्या खाली बंद. तुम्ही ६८ वर आहात, शेजाऱ्याला चहाला बोलवा.

डापावर असताना लघवीत साखर भरपूर दिसणार, ती गोळी तेच काम करते, त्या रिपोर्टवरून घाबरू नका. त्याच कारणाने खाली खाज, पांढरा चट्टा येऊ शकतो, स्वच्छता आणि कोरडं ठेवणं पाळा, लाजून गप्प बसू नका.

आणि पावसाळा आहे म्हणून ठळक सांगतो. जुलाब-उलट्या लागल्या, जेवण-पाणी पोटात ठरत नाही, अशा दिवशी डापा, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लघवीची गोळी असेल तर तीही, तात्पुरती थांबवायची असते आणि नीट खायला-प्यायला लागल्यावर परत सुरू. आजच तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की कुठली थांबवायची. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. मोठं ऑपरेशन ठरलं तर डापा साधारण तीन दिवस आधी थांबवतात. साखर फार वाढलेली नसतानाही ॲसिड साठू शकतं, म्हणून मळमळ, पोटदुखी, धाप असं काही झालं तर ग्लुकोमीटर १६० दाखवतोय म्हणून घरी बसू नका.

लोकल_बाई | १५ जुलै, सकाळी ७.५०

तो कागद आम्ही फ्रिजवर चिकटवलाय, गॅसच्या नंबरशेजारी.

सुगरणनाही | १५ जुलै, सकाळी ९.१५

काका, तंबाखू? विचारायचं राहिलं होतं.

वर्तकनगरी | १५ जुलै, दुपारी १.२०

दिवसाला दोन सिगरेटी, ऑफिसच्या मागे. होत्या. त्या मुलीने म्हणजे डॉक्टरीणबाईंनी फाइलवर लाल शाईत लिहिलं, तिच्या वडिलांनी ११ वर्षांत नुसतं “कमी करा” म्हटलं होतं.

वर्तकनगरी | २० सप्टेंबर, रात्री ८.३०

अपडेट. एसीआर ९६. बीपी घरच्या मशीनवर १२६/७८, रोज सकाळी पाच मिनिटं बसून मगच घेतो. क्रिएटिनिन १.२, तिथेच थांबलंय. वजन ३ किलो उतरलं. उपवनला दोन फेऱ्या मारतो, तिसरीला भज्यांच्या गाडीचा वास येतो म्हणून दोनच.

ऑफिसच्या एचआरला मेल केला की पुढच्या वर्षीच्या पॅकेजमधून ड जीवनसत्त्व काढा आणि शुगर-बीपीवाल्यांसाठी एसीआर घाला. उत्तर आलं, “नोटेड.” बघू. आमच्या बसमधल्या सहा शुगरवाल्यांनी मात्र आपापल्या खिशातून केली. दोघांची वाढलेली निघाली.

@दिवागाव, आई कशा आहेत?

दिवागाव | २० सप्टेंबर, रात्री १०.१५

बऱ्या आहेत काका. गणपतीत आरतीला उभ्या राहिल्या. ९६ वाचून बरं वाटलं.

ओपीडीनंतर | २० सप्टेंबर, रात्री ११.५५

निम्म्याच्या खाली! उत्तम. तीन-चार महिन्यांनी परत करा. घरात आणखी कुणाला बीपी?

वर्तकनगरी | २१ सप्टेंबर, सकाळी ६.४०

बायकोला आहे, ९ वर्षं झाली. शुगर नाही. तरी करायची?

परीक्षानळी | २१ सप्टेंबर, सकाळी ७.०५

करा. वहिनींना सांगा सकाळची पहिली, मधली धार, आणि बाटलीवर नाव आधी लिहा.

वर्तकनगरी | २१ सप्टेंबर, सकाळी ७.३०

सांगितलं. “ते मला शिकवू नका” असं उत्तर आलं. बाटली मात्र बेसिनपाशी नेऊन ठेवली आहे, नाव लिहून.